लेप्टोस्पायरोसिस : नाव लांब, अर्थ सोपा

भातलावणीच्या दिवसांत जोयडा-रामनगर भागात ताप आला की दवाखान्याच्या चिठ्ठीवर कधी कधी ‘लेप्टोस्पायरोसिस’ असे नाव येते. ते वाचताना जीभ अडखळते. कोणी नुसते ‘लेप्टो’ म्हणतो, ऐकणारा ‘लेप्रसी’ समजतो आणि घरात उगाच घबराट होते. म्हणून हा शब्द आपण फोडून पाहू.

उच्चार पाच तुकड्यांत करावा : लेप्–टो–स्पाय–रो–सिस. जोर ‘रो’वर द्यावा.

अर्थाचे तुकडे तीन, तिन्ही मूळचे ग्रीक. ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक. ‘स्पायरा’ म्हणजे वेटोळे. ‘ओसिस’ म्हणजे अवस्था, बहुधा रोगाची. ट्यूबरक्युलोसिस, सिरोसिस यांतही तेच शेपूट आहे. एकूण अर्थ, बारीक वेटोळ्या जंतूचा रोग. ‘लेप्रसी’ मात्र खवलेदार या अर्थाच्या निराळ्या शब्दापासून आली. दोन्ही रोगांचा काही संबंध नाही.

जर्मन डॉक्टर वाइल यांनी १८८६ साली या रोगाच्या कावीळयुक्त प्रकाराचे वर्णन केले. जंतू १९१५ मध्ये जपानात इनाडा व इडो यांनी ओळखला. त्याच्या एका जातीचे नाव ‘इंटेरोगन्स’, म्हणजे विचारणारा; कारण त्याचे टोक प्रश्नचिन्हासारखे वाकलेले दिसते.

आपल्याकडे यालाच उंदीरताप, कन्नडमध्ये इलिज्वर म्हणतात. पण दोष एकट्या उंदराचा नाही. गुरे, डुकरे, कुत्री यांच्या मुतातूनही जंतू चिखलात उतरतो आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून किंवा डोळ्या-तोंडातून अंगात शिरतो. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल ही लक्षणे दिसतात. दुर्लक्ष केल्यास कावीळ होऊ शकते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

उपाय असे : जखम झाकून चिखलात उतरावे, शक्य तर गमबूट घालावेत. काम संपताच साबणाने हातपाय धुवावेत. धान्य व पाणी झाकून ठेवावे. ताप आल्यास दुकानातली गोळी घेऊन दिवस काढू नयेत. पेनिसिलीन, डॉक्सीसायक्लीन ही औषधे वेळेवर मिळाली तर गुण येतो, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

नाव नीट उच्चारता आले नाही तरी चालेल. “डॉक्टर, मी चिखलात काम केले आहे,” एवढे मात्र सांगायला विसरू नका.