लेपाचे पाणी कधी उतरते?

कोयत्याला पाणी कसे देतात, हे कर्जत-खालापूरच्या भातशेतीत वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. लोहार पाते लाल होईपर्यंत तापवतो, पाण्यात बुडवतो आणि पुन्हा बेताने शेकतो. मग धार टिकते. तोच कोयता चुकून चुलीत राहिला, तर पाणी उतरते आणि धार वळते. कडकपणा देते ती उष्णताच आणि नेते तीही उष्णताच.

साजगाव म्हटले की बोंबल्या विठोबाची यात्रा आठवते. पण साजगाव-खोपोलीचा हा पट्टा कारखान्यांचाही आहे. यंत्रांचे सुटे भाग, साचे, पिस्टनच्या पिना झिजू नयेत म्हणून त्यांवर हल्ली कार्बनचा काळपट लेप देतात. त्याला ‘डायमंड लाइक कार्बन’, म्हणजे हिऱ्यासारखा कार्बन, असे म्हणतात. आयझेनबर्ग आणि शॅबॉट या अमेरिकी संशोधकांनी १९७१ मध्ये अशा लेपाची माहिती प्रसिद्ध केली. त्याची जाडी साधारण एक ते तीन मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या कितीतरी पट कमी.

हा लेप धड हिरा नाही आणि धड ग्रॅफाइटही नाही. त्यातले काही कार्बन अणू हिऱ्यातल्यासारखे चार शेजाऱ्यांचे हात धरतात; त्यातून कठीणपणा येतो. काही ग्रॅफाइटमधल्यासारखे तिघांचेच हात धरतात. त्यांच्यामुळे घसरडेपणा येतो. अनेक लेपांत हायड्रोजनही असतो. कोरड्या पोलादावर पोलाद घासले, तर घर्षणांक ०.६ च्या आसपास असतो. लेप दिला की तो बहुधा ०.२ च्या खाली येतो.

आता हा लेप तापवला तर? हायड्रोजन असलेला लेप साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपासून बदलू लागतो. हायड्रोजन निघून जातो, अणू आपली मांडणी बदलतात आणि ग्रॅफाइटचा अंश वाढतो. इथे एक चकवा आहे. ग्रॅफाइट वाढल्याने घर्षण कधी कधी आणखी कमी होते. वाटते, लेप सुधारला! पण तो मऊ झालेला असतो आणि भराभर झिजतो. घसरडेपणा आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हे मंडळी, विसरून चालत नाही. उघड्या हवेत उष्णता आणखी वाढली, तर कार्बनचा प्राणवायूशी संयोग होऊन लेप वायुरूपाने उडूनच जातो.

मात्र उष्णता नेहमीच वैरी नसते. हायड्रोजनविरहित कठीण लेपात बनतानाच मोठा ताण साठतो आणि त्याचे पापुद्रे सुटू शकतात. असा लेप निर्वात जागेत सुमारे ६०० अंशांवर काही मिनिटे ठेवला, तर कठीणपणा फारसा न गमावता ताण उतरतो, असे १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले. पण खालचे पोलाद ती उष्णता सोसणारे हवे.

कारण लेपाखालच्या पोलादालाही पाणी दिलेले असते. बेअरिंगचे पोलाद सहसा १५० ते २०० अंशांवर टेम्पर करतात. लेप देतानाच तापमान त्याहून वर गेले, तर पोलाद नरम पडते. मग वरचा लेप गादीवर ठेवलेल्या काचेसारखा. भार आला की तडकणारच. म्हणून आधी हार्डनिंग आणि टेम्परिंग, मग ग्राइंडिंग आणि पॉलिश, शेवटी लेप. त्यानंतर वेल्डिंग वा पुन्हा भट्टी नाही.

एक महाग साचा वाया जाणे छोट्या वर्कशॉपला परवडत नाही. तेव्हा काम देण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत: पोलाद किती अंशांवर टेम्पर केले, लेप किती अंशांवर बसणार आणि वापरात भाग किती तापणार. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा हवा आणि तिसरा लेपाच्या सहनशक्तीच्या आत. वापरात तेल आटू देऊ नये, कारण दोन पृष्ठभाग जिथे प्रत्यक्ष घासतात तिथली उष्णता बाहेरून हात लावून कळत नाही.