विद्यापीठांनी छापलेला महाराष्ट्र

एकनाथ महाराज एका महाराच्या घरी जेवले, ही गोष्ट मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. ती पहिल्यांदा कोणी सांगितली, पुढच्यांनी तिच्यात काय घातलं आणि काय गाळलं, हे विचारायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातले जॉन क्यून पडले. त्यांचं ‘शेअर्ड डिव्होशन, शेअर्ड फूड’ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं २०२१ मध्ये काढलं. या दिवाळीत पुस्तकांसाठी चार पैसे बाजूला काढले असतील, तर माझ्या शिफारशींच्या यादीत हे आहेच.

महिपतीबुवा ताहराबादकर अठराव्या शतकात ही कथा सांगतात, तेव्हा नाथ एकाच वेळी आपल्या घरीही दिसतात आणि त्या महाराच्या घरीही. मग तिथे जेवलं कोण, नाथ की नाथांच्या रूपातला देव? भाविकाला चमत्कार मिळाला, सोवळ्यातल्या माणसाला पळवाट मिळाली आणि कथा दोन्ही घरांत सुखानं नांदली. विसाव्या शतकात ती नाटकांत आणि सिनेमात शिरली तेव्हा अशी संदिग्धता परवडणारी नव्हती. १९३५ साली ‘प्रभात’नं व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली, बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत घेऊन चित्रपट केला. त्याचं मूळ नाव होतं ‘महात्मा’. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले आणि नाव ‘धर्मात्मा’ झालं. भक्तीनं जात मोडते का, या प्रश्नाला क्यून झटपट हो किंवा नाही म्हणत नाहीत. पंगतीत कोणाच्या शेजारी कोण बसलं, कोणी कोणाच्या हातचं खाल्लं, याचा माग ते पोथीपासून पडद्यापर्यंत काढत जातात. भाषा कुठे कुठे जड आहे, पण ते गृहीतच धरायचं.

अशी पुस्तकं आपल्यापर्यंत का पोचत नाहीत, याला कारण आहे. विद्यापीठाची प्रकाशनसंस्था हस्तलिखित बाहेरच्या तज्ज्ञांकडे वाचायला देते, त्यांचे आक्षेप लेखकाकडून निस्तरून घेते आणि मग छापते. यात वर्षं जातात. पहिली आवृत्ती बहुधा ग्रंथालयांचा हिशेब धरून निघते, त्यामुळे किंमत बघूनच आपण पुस्तक खाली ठेवतो. कागदी बांधणीची किंवा भारतीय आवृत्ती मागाहून येते, तोवर आलेली परीक्षणं जुनी झालेली असतात आणि मराठी वर्तमानपत्रांत तर ती मुळात आलेलीच नसतात.

यावरचा तोडगा भारतातल्या छोट्या प्रकाशकांनी काढला. राणीखेतच्या डोंगरात बसून इतिहासाची उत्तम पुस्तकं काढणारी ‘परमनंट ब्लॅक’ ही त्यातली ठळक संस्था. प्राची देशपांडे यांचं ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’ (२०२३) तिनंच काढलं. विषय मोडी लिपीचा. मोडीवर आपण हळहळतो फार आणि वाचतो कमी. देशपांडे हळहळत नाहीत. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी शिरोरेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जातो. हे लिहिणं कोणाच्या हाती होतं, दप्तरात बसून कोण कमावत होतं, चिटणीस आणि कुलकर्णी यांची सत्ता त्या वळणांत कशी मुरली होती आणि छापखान्याबरोबर बाळबोध लिपी वरचढ कशी झाली, हे त्या कागदांवरूनच दाखवतात. घरात मोडीचं एखादं जुनं बाड असेल त्यानं तर हे पुस्तक घ्यावंच.

शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (स्टॅनफर्ड, २०२२) वाचताना मात्र सुखासीन वाचकाला चैन पडणार नाही. तमाशाला आपण एकीकडे अश्लील म्हणतो आणि दुसरीकडे महाराष्ट्राची लोककला म्हणून मिरवतो. या दोन्हींची किंमत फडावरच्या दलित बाईनं कशी मोजली, हा त्यांचा विषय. शाहीर पठ्ठे बापूरावांची गोष्ट सगळे सांगतात. पाईक त्यांच्या फडातल्या पवळाबाईच्या बाजूनं बघतात. पुढे २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा आपल्याकडे बातम्या झळकल्या. पुस्तक त्याआधी दोन वर्षं बाजारात होतं.

उलट्या दिशेचा, मराठीतून इंग्रजीत गेलेल्या पुस्तकाचाही एक दाखला आहे. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’चा ॲन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. मराठी वाचकानं अर्थात मूळच वाचावं.

आता अगदी छोट्यांकडे. अशोक शहाणे यांचं ‘प्रास’ म्हणजे दुकान नाही, गोदाम नाही, जाहिरात तर नाहीच. तरी १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ इथूनच आल्या आणि कोलटकरांच्या अखेरच्या दिवसांत ‘भिजकी वही’ही. कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले आरेखक, त्यामुळे पानावर मोकळी जागा किती सोडायची हासुद्धा त्यांच्या लेखी कवितेचाच भाग. त्याआधी १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघा कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ काढून आपापली पुस्तकं आपणच छापली. त्यातलं एक इंग्रजी ‘जेजुरी’. पुढे न्यूयॉर्कहून आणि इंग्लंडमधल्या ‘ब्लडॲक्स’कडून कोलटकर निघाले, पण ते सगळं नंतर. या धडपडीचा आणि साठोत्तरी लघुनियतकालिकांचा कागद-शाईसकट अभ्यास अंजली नेर्लेकर यांनी ‘बॉम्बे मॉडर्न’मध्ये केला. तोही छापला नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटी प्रेसनं, २०१६ मध्ये.

इथे मला थोडं चिडायचं आहे. शं. गो. तुळपुळे यांचं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ मध्ये पुणे विद्यापीठानं प्रसिद्ध केलं. मराठी शिलालेखांवर काम करणाऱ्याला आजही त्याच्याशिवाय चालत नाही. म्हणजे आपल्या विद्यापीठांना हे जमत नव्हतं असं नाही. वर सांगितलेल्या अभ्यासकांपैकी बहुतेकांनी आपली साधनं महाराष्ट्रातल्याच दप्तरांतून, पोथ्यांतून आणि माणसांकडून गोळा केली. छापणारी विद्यापीठं तेवढी परकी, आणि मराठी अनुवादासाठीही कोणाला फारशी घाई नाही.

एकच पुस्तक घेणार असाल तर देशपांडे घ्या. भेट द्यायचं असेल तर ‘भिजकी वही’, पण हे जगभरच्या रडणाऱ्या बायकांचं पुस्तक आहे, पाडव्याला देताना समोरच्याचा स्वभाव बघून द्या. क्यून, पाईक आणि नेर्लेकर यांच्यासाठी तुमच्या गावातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे लेखी मागणी नोंदवा. मागणीवहीत नाव असेल तर पुस्तक यायची निदान शक्यता असते.