हेडफोनसाठी पाट कोठून काढावा?

चैत्र सरता सरता जळगाव-धुळ्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांना भिडू लागला, की घरोघरी कूलरची जी घरघर सुरू होते ती मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत थांबत नाही. ज्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एखादा जुना, भक्कम स्टिरिओ अद्याप चालता आहे, त्या घरातील रसिकाने या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज चढवावा तर माजघरातील वामकुक्षी मोडते. रात्रीची वेळ गाठावी तर दहानंतर कायदा आडवा येतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवून दिली आहे. अशा पेचात कान पूर्ण झाकणारा हेडफोन, आणि त्याला पुरेसे बळ देणारा छोटा स्वतंत्र ॲम्प्लिफायर, हा मार्ग पुष्कळांना सुचतो. परंतु ती पेटी घरी आल्यावर तिची तार मोठ्या यंत्राच्या पाठीवरील कोणत्या भोकात खुपसावी, या प्रश्नापाशी बहुतेकांचे घोडे अडते.

स्वतंत्र ॲम्प्लिफायर हवाच कशाला, जुन्या यंत्राच्या दर्शनी बाजूस हेडफोनचे भोक आहेच की, अशी हरकत कोणी घेईल, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पण पुष्कळ जुन्या यंत्रांत ते भोक म्हणजे स्पीकरच्याच प्रवाहाला काहीशे ओहमांचा रोधक लावून काढलेली पळवाट असते. हेडफोन ३०० किंवा ६०० ओहमांचे असत त्या काळी एवढी तजवीज पुरत असे. आजचे बहुतेक हेडफोन १६ ते ५० ओहमांचे, आणि त्यांतील कित्येकांचा अवरोध, ज्याला दुकानदार इम्पीडन्स म्हणतात, सर्व स्वरांना सारखा नसतो; त्यामुळे मध्ये मोठा रोधक आला की काही स्वर फुगतात, काही दबतात, आणि खर्ज बहुधा सैल पडतो. यंत्राचा अंतर्गत अवरोध हेडफोनच्या अवरोधाच्या आठव्या हिश्श्याहून अधिक नसावा, हा या क्षेत्रातील सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे ३२ ओहमांच्या हेडफोनला तो ४ ओहमांच्या आत हवा. ज्याच्यापाशी जुना, जास्त ओहमांचा हेडफोन आहे, त्याने मात्र खर्चात पडण्यापूर्वी दर्शनी भोकातच तो लावून ऐकावा. कदाचित आणखी काही करावे लागणार नाही.

आता जोडणीचा मुख्य प्रश्न. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूला पांझरेकाठची फड बागायत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो समजावून सांगण्यास श्रम पडत नाहीत. बंधाऱ्याने अडविलेले पाणी पाटाने येते, पाटाला चाऱ्या फुटतात, आणि पाणी किती सोडावे हे दार किती उघडले त्यावर ठरते. दाराच्या वरच्या अंगाने चारी काढली तर दार मिटले तरी ती वाहत राहते, खालच्या अंगाने काढली तर तिचे नशीब दाराच्या हाती. स्टिरिओमधील हे दार म्हणजे आवाज कमीजास्त करण्याची कळ. पाठीवर ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ असे लिहिलेली भोकांची जोडी दाराच्या वरची, आणि ‘प्री आउट’ लिहिलेली जोडी दाराच्या खालची.

बहुतेकांनी टेप आउट निवडावे. साध्या आरसीए तारेची जोडी, जी जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सहज मिळते, तिचे एक टोक तेथे आणि दुसरे हेडफोनच्या ॲम्प्लिफायरच्या ‘इनपुट’मध्ये लावले की मोठ्या यंत्राचा आवाज शून्यावर आणून स्पीकर मुके करता येतात, आणि हेडफोनचा आवाज छोट्या पेटीच्या कळीने स्वतंत्रपणे राखता येतो. ‘टेप मॉनिटर’चे बटन तेवढे दाबलेले नसावे, नाहीतर मोठे यंत्र रिकाम्या टेपकडे कान लावून बसते आणि स्पीकर बंद पडले अशी अकारण घबराट उडते. प्री आउट घेतल्यास दोन कळी एकामागून एक येतात, आणि स्पीकर गप्प करण्यासाठी त्यांचे निराळे बटन असावे लागते.

स्पीकरच्या तारा जेथे आवळतात तेथून मात्र छोट्या पेटीकडे तार नेऊ नये. तेथील विद्युतदाब टेप आउटसारख्या भोकांतून येणाऱ्या संकेतापेक्षा कितीतरी अधिक असू शकतो. शिवाय काही यंत्रांत काळे टोक हे ‘शून्य’ नसून तेही चालते असते. डाव्या-उजव्या बाजूंची काळी टोके हेडफोनच्या पेटीत एकत्र आली, की मोठ्या यंत्राचा शेवटचा टप्पा जळण्याची वेळ येते. साठ-सत्तरच्या दशकांतील ज्या यंत्रांना आरसीएऐवजी पाच टाचण्यांचे गोल डिन सॉकेट आहे, त्यांत मधली टाचणी भूमीची, ३ व ५ ध्वनी आत घेण्यासाठी, आणि १ व ४ ध्वनिमुद्रणासाठी बाहेर सोडण्याच्या असा प्रघात आहे. त्या १ व ४ वरचा संकेत फार क्षीण असतो, तेव्हा आवाज बारीक आला म्हणून नव्या पेटीला दोष देऊ नये.

जोडणी बिनचूक होऊनही कानात अखंड ‘घूं’ येत राहिले, तर तो दोष बहुधा अर्थिंगचा. दोन्ही यंत्रे निरनिराळ्या खोबणींतून वीज घेतात, दोहोंना आपापली अर्थिंग असते, आणि ध्वनीच्या तारेचे कवच त्या दोन वाटा एकमेकींना जोडून एक वळसा तयार करते, ज्यात विजेच्या ५० आवर्तनांचा गुंजारव शिरतो. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर आणली की पुष्कळदा हा उपद्रव नाहीसा होतो. प्लगची अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. ओल्या कूलरच्या पत्र्याला हात लागून झटका बसल्याचा अनुभव ज्या मुलखात घरोघरी ऐकू येतो, तेथे तरी कोणाला हे निराळे सांगावे लागू नये. खानदेशची काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते, मातीचा विजेला होणारा अवरोध वाढतो, आणि पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग वैशाखात दुबळी पडते. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे. गुंजारव गोलसर नसून कर्कश, करवती असेल आणि वीज गेल्यावरच येत असेल, तर तो चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरचा प्रताप समजावा. त्यावर तारा बदलून उपाय होत नाही. साइन लहरीचा इन्व्हर्टरच घ्यावा लागतो.

परदेशातील नातलगांनी आणून दिलेल्या पेटीवर ११० किंवा १२० व्होल्ट एवढेच छापले असेल, तर ती आपल्या २३० व्होल्टांवर लावण्यापूर्वी रोहित्राचा बंदोबस्त करावा.

ज्यांच्या कपाटात बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, त्यांच्यासाठी मात्र वरील शिफारस मी उलटी करीन. जळगावाला या गायकाविषयी निराळा जिव्हाळा आहे. लहानपणी गाण्याचे धडे त्यांनी येथेच मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले, आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव या शहरात भरतो. त्या तबकड्या एकपदरी आहेत. स्टिरिओ पिनेने त्या वाजविल्या म्हणजे गाणे दोन्ही कानांत सारखे येते, पण पिनेच्या वर-खाली हालण्यातून उठणारी खरखर दोन कानांत परस्परविरुद्ध येते, आणि हेडफोनमध्ये ती डोक्याच्या दोन्ही बाजूंनी बोचत राहते. ‘मोनो’चे बटन दाबले की या खरखरीचा बराच भाग परस्परांत विरून जातो. परंतु बहुतेक यंत्रांत मोनोचे बटन, तसेच खर्ज व तार कमीजास्त करण्याच्या कळी, टेप आउटच्या पुढे असतात. त्यामुळे टेप आउटवरून ऐकणाऱ्याने ते बटन कितीही दाबले तरी हेडफोनमध्ये काडीचाही फरक पडत नाही. येथे प्री आउटच हवे. ते नसेल तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून डाव्या व उजव्या तारेत प्रत्येकी १००० ओहमांचा रोधक घालून त्या एकत्र जुळवून घ्याव्यात, आणि तोच संकेत पेटीच्या दोन्ही भोकांना द्यावा.