ओके, ओक्के आणि नुसतंच ‘के’

शूटिंगच्या सेटवर दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो आणि सगळं युनिट त्याच्या तोंडाकडे बघायला लागतं. तो ‘ओके’ म्हणाला की लाइटवाले पुढच्या सेटअपच्या मागे लागतात आणि सहायकाच्या कागदावर त्या टेकपुढे तेच लिहिलं जातं. नापसंत असेल तर ‘एनजी’, म्हणजे नो गुड. पण पुष्कळदा तिसरंच ऐकू येतं : ‘ओके! सेफ्टीसाठी एक अजून.’ म्हणजे झालं, आणि झालंही नाही. नटमंडळींना याचा अर्थ बरोबर कळतो. चालून जाईल, पण साहेबांचं मन भरलेलं नाही.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत हाच शब्द वेगळ्या रुबाबात वावरतो. मशीनचं सेटिंग झालं की ऑपरेटर पहिला पीस क्वालिटीवाल्याकडे नेतो. तो मायक्रोमीटर लावून बघतो, ड्रॉइंगवर नजर टाकतो आणि ‘ओके’ म्हणतो. मगच पुढचा लॉट सुरू होतो. शाफ्टचं माप २५ मिलिमीटर आणि सूट दोन शतांश अधिक-उणे असेल, तर २५.०१९ भरलेला पीस ओके आणि २५.००० भरलेलाही ओके. दोघांवर एकच शिक्का. काठावर पास झालेला आणि पैकीच्या पैकी मिळवलेला यांत ओके भेद करत नाही. नवा चार्जर किंवा अ‍ॅडॉप्टर आणला की त्यावर ‘ओके टेस्टेड’ असं चमचमतं छोटं स्टिकर दिसतं. तेही वस्तू उत्तम आहे असं म्हणत नाही, चालते एवढंच म्हणते. (ते तरी खरं असावं, ही आपली अपेक्षा.)

या शब्दाचं बळ मला इथेच दिसतं. ओके संमती देतो, मत देत नाही. अमेरिकी भाषाभ्यासक अ‍ॅलन मेटकाफ यांनी २०१० साली ओकेवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही हा मुद्दा आहे. मत नसल्यामुळेच तो कुठेही खपतो : विशेषण म्हणून, क्रियापद म्हणून, प्रश्न म्हणून, नुसता हुंकार म्हणूनही.

एवढ्या निर्विकार शब्दाचा जन्म मात्र निव्वळ टवाळीतून झाला. १८३८-३९ च्या सुमारास बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत आद्याक्षरांचं खूळ शिरलं होतं. साध्या वाक्प्रयोगाचं लघुरूप करायचं, आणि तेही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगवरून, म्हणजे वाचणाऱ्याला दोनदा हसू यावं. ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’, ‘नो गो’साठी ‘के. जी.’ असले प्रकार सर्रास छापून येत. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी एका मंडळाच्या सहलीबद्दल खुसखुशीत मजकूर लिहिला. मंडळाचं नाव ‘घंटावादनविरोधी मंडळ’. जेवणाच्या घंटेबाबत शहराने केलेल्या नियमाची टर उडवायला काढलेलं. दुसऱ्या गावच्या एका संपादकाला चिमटे काढता काढता ग्रीन यांनी ‘ओ. के.’ लिहिलं आणि शेजारी अर्थही दिला : ऑल करेक्ट. खऱ्या स्पेलिंगप्रमाणे आद्याक्षरं ए आणि सी यायला हवीत. ‘सगळं बरोबर’ हेच चुकीचं लिहायचं, ही त्यातली गंमत.

बाकीची आद्याक्षरं वर्ष-दोन वर्षांत विरून गेली. ओके वाचला तो राजकारणामुळे. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा निवडणुकीला उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून ते ‘ओल्ड किंडरहूक’. समर्थकांना आयतीच आद्याक्षरं सापडली आणि ‘ओ. के. क्लब’ निघाले. विरोधकही काही कच्चे नव्हते. त्यांनी कंडी पिकवली की, आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नसल्यामुळे ते कागदपत्रांवर ‘ऑल करेक्ट’ म्हणून ओ. के. असा शेरा मारत. व्हॅन ब्यूरेन निवडणूक हरले, पण प्रचाराच्या त्या धुरळ्यात हे लघुरूप देशभर पोचलं. जॅक्सनची ती कंडी तर पुढे इतिहास म्हणून सांगितली जाऊ लागली.

शब्दाचा मूळपुरुष सापडेपर्यंत वारसदार बरेच निघाले. चॉक्टॉ या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेतला ‘ओके’, ग्रीकमधलं ‘ओला काला’, स्कॉटिश ‘ऑख आय’, हैतीतल्या ओ काय बंदरातली रम... प्रत्येकाचा दावा ऐकताना पटतो. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा चॉक्टॉवर एवढा विश्वास की ते त्याच धर्तीचं स्पेलिंग लिहीत. अखेर कोलंबिया विद्यापीठाचे अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग उपसले आणि १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेखमाला लिहून बॉस्टनचा पुरावा मांडला. तरीही ग्रीक आणि चॉक्टॉ कथा अजून हिरिरीने सांगितल्या जातात. खरी व्युत्पत्ती फारच पोरकट असल्यामुळे असेल.

पुढे तारयंत्राने ओकेला रोजगार दिला. संदेश पोचला हे कळवायला दोन अक्षरं पुरत. संगणकावर तो बसला त्याचाही किस्सा आहे. अ‍ॅपल कंपनी ‘लिसा’ हा संगणक तयार करत होती, तेव्हा पडद्यावरच्या बटणावर ‘डू इट’ असं लिहिलेलं असे. दोन शब्दांमधलं अंतर इतकं थोडं की चाचणीला आलेला एक जण ते ‘डोल्ट’ असं वाचून भडकला. डोल्ट म्हणजे मठ्ठ. बटणावर ओके आलं. १९८३ साली लिसा बाजारात आला, फार काही चालला नाही, पण बटण टिकलं. ‘फाइल सापडली नाही’ असं सांगून संगणक खाली एकच बटण देतो : ओके. आपण निमूटपणे ते दाबतो. यात ओके काय आहे, हे विचारायची सोय नाही.

अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेली खूण हा त्याचा मूक अवतार. पाण्याखाली पाणबुड्यांना तिचाच आधार, कारण अंगठा वर केला तर त्यांच्या भाषेत ‘वर चला’ असा अर्थ होतो. ती खूण जपानमध्ये पैशाची, फ्रान्समध्ये शून्याची आणि ब्राझीलमध्ये चक्क शिवी.

मराठीत ओके असा रुळला की त्याला आपली क्रियापदं लागली. बिल ओके करतात, डिझाइन ओके होतं, वरून ओके मिळतो, गाडी ओके असते. आपल्याकडे ‘बरं’ हा त्याचा जुना समव्यवसायी. तोही होकार देतो, विषय बदलतो (‘बरं, मग?’), आणि ‘जेवण बरं होतं’ म्हटलं तर करणाऱ्याचा चेहरा उतरवतो. ‘सिनेमा ओके होता’ यातही तीच मेख आहे. पण ‘बरं’मध्ये थोडी माया असते, आजीचं ‘बरं हो’ ओकेने भरून निघत नाही.

मराठी तोंडाने त्यातला क जोर देऊन दुप्पट केला तेव्हा कुठे ओकेला मत आलं. जून २०२२ मध्ये, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी, सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीतल्या हॉटेलातून झालेलं फोनवरचं बोलणं महाराष्ट्रभर गाजलं : झाडी, डोंगार, हाटील, आणि सगळं ‘एकदम ओक्केमध्ये’. बॉस्टनच्या लघुरूपाला सांगोल्यात ‘मध्ये’ लागला आणि ओक्के ही राहायची जागाच झाली. काही आठवड्यांत विरोधकांनी त्याला ‘खोके’चं यमक जुळवलं. निवडणुकीतून फोफावलेला शब्द राजकारणात परतला, यात नवल ते काय.

उलट मोबाइलवर तो आक्रसत चाललाय. ‘ओके’वरून ‘ओक’, मग नुसताच ‘के’. चार ओळींच्या निरोपाला ‘के’ असं उत्तर आलं की तरुण पोरं अस्वस्थ होतात. त्यांच्या लेखी ते दार आपटणं आहे. ‘ओकेऽऽ’ म्हणजे शंका, ‘ओके ओके’ म्हणजे आता पुरे. वडीलधारी माणसं मात्र ‘ओके.’ असा पूर्णविराम देऊन मोकळी होतात आणि पलीकडे काय रामायण घडलं याचा त्यांना पत्ताही नसतो. त्याच पोरांनी २०१९ मध्ये जगभर ‘ओके बूमर’ म्हणून वडीलधाऱ्यांना गप्प केलं. न्यूझीलंडच्या संसदेत खासदार क्लोई स्वार्ब्रिक यांनी भाषणात मध्येच बोलणाऱ्याला ते ऐकवलं आणि त्या पुढच्या वाक्याकडे वळल्या.

राहता राहिला ट्रकच्या पाठीवरचा ‘हॉर्न ओके प्लीज’. मधल्या ओकेचं तिथे काय काम, यावर कुणी महायुद्धातल्या रॉकेलवरच्या (‘ऑन केरोसीन’) ट्रकांकडे बोट दाखवतं, कुणी ‘ओके’ साबणाच्या जाहिरातीकडे. पक्का कागद कुणाकडेच नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने या अक्षरांवर बंदी आणली, कारण त्यामुळे चालकांना विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं आणि आवाजाचं प्रदूषण वाढतं. आक्षेप होता तो हॉर्नला. ओकेबद्दल सरकारची काही तक्रार नव्हती.