इंग्रजीची वाक्यघडण (लेखांक ७) : शब्दयोगी पदबंध नेमका कोणाचा?

'ऑन', 'विथ', 'ऑफ' यांसारखे प्रिपोझिशन आणि त्याच्या मागोमाग येणारे नाम किंवा सर्वनाम मिळून जो शब्दसमूह होतो, त्यास शब्दयोगी पदबंध म्हणतात. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला मागून जोडले जाते, तर इंग्रजीत ते नामाच्या आधी सुटे उभे राहते, हा भेद शाळेतच शिकवला जातो. मात्र हा सबंध पदबंध वाक्यातील कोणत्या शब्दाविषयी अधिक माहिती देतो, म्हणजेच तो कोणाचा विशेषक आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि अर्थाची खरी गुंतागुंत तेथेच असते.

'शी पुट द बुक ऑन द टेबल' या वाक्यात 'ऑन द टेबल' हा पदबंध पुस्तक कोठे ठेवले ते सांगतो, म्हणून तो क्रियापदाशी बांधलेला आहे. 'द बुक ऑन द टेबल इज माइन' येथे तोच पदबंध कोणते पुस्तक ते सांगतो आणि विशेषणाचे काम करतो. मराठी हा फरक रूपातच दाखवते: पहिल्या ठिकाणी 'टेबलावर', दुसऱ्या ठिकाणी 'टेबलावरचे'. इंग्रजी पदबंधाचे रूप मात्र तसूभरही बदलत नाही, त्यामुळे त्याचा धनी स्थानावरून व संदर्भावरून शोधावा लागतो.

हा शोध नेहमीच निर्विवाद ठरतो असे नाही. 'द पोलीस चेज्ड द थीफ ऑन अ मोटरसायकल' या वाक्यात मोटारसायकलवर पोलीस होते की चोर, हे व्याकरण सांगू शकत नाही. पोलिसांनी मोटारसायकलवरून पाठलाग केला आणि मोटारसायकलवरच्या चोराचा पाठलाग केला, हे दोन्ही अर्थ त्यास मान्य आहेत. वाक्य कर्मणी करून 'द थीफ ऑन अ मोटरसायकल' हा गट सबंध उचलून आरंभी आणला, तर वाहन चोराचे ठरते. केवळ 'ऑन अ मोटरसायकल' एवढेच मूळ वाक्याच्या आरंभी नेले, तर ते पोलिसांकडे जाते.

'अफ्रेड ऑफ डॉग्ज', 'गुड ॲट चेस' यांत पदबंध विशेषणाला जोडलेला असतो; कोणत्या विशेषणापुढे कोणते प्रिपोझिशन यायचे, ते बहुतांशी पाठच करावे लागते.

नामाला जोडलेल्या पदबंधामुळे आणखी एक चूक हमखास घडते. 'द लिस्ट ऑफ स्टुडंट्स इज लाँग' असे म्हणावयाचे असता 'आर' लिहिले जाते, कारण क्रियापदाच्या लगत 'स्टुडंट्स' हे अनेकवचन येते, परंतु क्रियापदाचे वचन ठरवण्याचा अधिकार 'लिस्ट' या मुख्य नामाचाच असतो. 'विद्यार्थ्यांची यादी' या मराठी रचनेत मुख्य नाम शेवटी, क्रियापदाच्या बाजूस येत असल्याने हा घोळ सहसा होत नाही. 'द कीज टू द डोअर ऑफ द हाउस' अशी साखळी असेल तर ती मराठीत शेपटाकडून उलगडत 'घराच्या दाराच्या किल्ल्या' अशी होते, आणि इंग्रजीत तिच्यापुढे 'आर' हेच क्रियापद येते, मध्ये कितीही एकवचनी नामे येवोत.