पेढीवरचे एकशे वीस तास

व्यापारी कुटुंबांत विद्यापीठाविषयी एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पदवी ही स्थळ पाहताना विचारली जाणारी गोष्ट. धंदा मात्र गादीवर बसूनच शिकायचा. त्यामुळे मुलगा कोणत्या महाविद्यालयात जातो हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. तो तेथे काय शिकतो हे क्वचितच कोणी विचारते. आता विद्यापीठच पेढीच्या दारात येऊन उभे आहे आणि ‘आमच्या विद्यार्थ्याला काम शिकवा’ अशी विनंती करीत आहे. तिला आपण कसा प्रतिसाद देतो, यावर आपल्या घरच्या मुलांचे आणि परक्या घरच्या मुलांचेही बरेच काही अवलंबून आहे.

जुने नाते

विद्यापीठ आणि बाजारपेठ यांचा संबंध आजचा नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले. वाणिज्य शाखेचे ते आशियातील पहिले महाविद्यालय. जमाखर्च, बँकव्यवहार आणि व्यापारी कायदा हे पदवीच्या योग्यतेचे विषय आहेत, हे त्यानिमित्ताने मान्य झाले. पुढे १९३३ साली याच विद्यापीठाने रसायन तंत्रशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. कापडगिरण्यांना रंग, धुलाई आणि प्रक्रिया जाणणारी माणसे हवी होती. ‘यूडीसीटी’ या नावाने ख्यातनाम झालेली ही संस्था आज माटुंग्यात इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून उभी आहे. तिने कारखान्यांना तंत्रज्ञ दिले, तसे कारखानदारही दिले. डॉ. रेड्डीज या औषध कंपनीचे संस्थापक के. अंजी रेड्डी येथीलच विद्यार्थी.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय केली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने अशी योजना चालते. विद्यार्थी विद्यापीठातच काही तास काम करतो आणि त्या मानधनावर आपला खर्च भागवतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार आजीवन अध्ययन व विस्तारकार्य, तसेच नवोपक्रम व उद्योगनिर्मिती यांसाठी विद्यापीठांत स्वतंत्र मंडळे आहेत. रोजगारक्षमता हा आता विद्यापीठाच्या कर्तव्याचाच भाग मानला जातो.

श्रेयांकांची बँक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले आणि पदवीची मोजणी श्रेयांकांत होऊ लागली. महाविद्यालयांत यालाच क्रेडिट म्हणतात. वर्षाला साधारण चाळीस ते चव्वेचाळीस श्रेयांक मिळवायचे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार हे श्रेयांक ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधील विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. हे खाते डिजिलॉकरमार्फत उघडता येते. जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात.

व्यापारी घरांना या व्यवस्थेचा उपयोग मोठा आहे. वडिलांचे आजारपण, भागीदारांची वाटणी किंवा मुलीचे लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणे, अशा कारणांनी शिक्षण मध्येच सुटलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. पूर्वी अशा वेळी दोन वर्षे शिकूनही हाती काहीच राहत नसे. आता पहिल्या वर्षानंतर कौशल्याचा एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर प्रमाणपत्र मिळू शकते. दुसऱ्या वर्षानंतर तसेच केल्यास पदविका मिळते. परत येऊन उरलेले शिक्षण पूर्ण करण्याची वाटही मोकळी असते. ज्यांचे शिक्षण फार पूर्वी सुटले, त्यांच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. दुकान किंवा घर सांभाळून तेथून पदवी घेता येते.

याच रचनेत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ हा घटक आहे. विद्यार्थी त्याला ओजेटी म्हणतात. महाराष्ट्राच्या आराखड्यात तो पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात आणि पदव्युत्तर पहिल्या वर्षात येतो. त्याला चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकासाठी तीस तास, म्हणजे एकूण एकशे वीस तास प्रत्यक्ष काम. विद्यार्थ्याने नोंदी ठेवायच्या, अहवाल लिहायचा आणि कामाच्या ठिकाणच्या जबाबदार व्यक्तीने प्रमाणपत्र द्यायचे.

सहीची किंमत

अडचण या प्रमाणपत्रापाशीच आहे. ओळखीतला मुलगा येतो. ‘काका, एवढी सही आणि शिक्का द्या’ म्हणतो. मुलगा चांगल्या घरातला, मागणी छोटी आणि आपला खर्च शून्य. सही होते. मुलगा एक दिवसही न येता एकशे वीस तासांचा धनी होतो.

बँकेत काम केलेल्या माणसाला येथे एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. मालाची देवघेव झालेलीच नाही, तरी दोन व्यापाऱ्यांनी एकमेकांवर हुंडी लिहायची आणि ती बँकेत वटवायची, हा प्रकार बँकांना चांगला परिचित आहे. कागद निर्दोष, सह्या खऱ्या. फक्त त्यामागे माल नसतो. मुदतीच्या दिवशी ते उघडे पडते. न केलेल्या कामाचे प्रमाणपत्र ही तशीच हुंडी आहे. तिची मुदत त्या मुलाच्या पहिल्या मुलाखतीच्या दिवशी भरते. तेव्हा त्याला चलन आणि बिल यांतला फरक सांगता येत नाही आणि नुकसान त्याचे एकट्याचे होते.

त्यात आणखी एक अन्याय दडलेला आहे. आपल्या मुलाला ओजेटी नसली, तरी सुट्टीत दुकानावर बसून तो धंदा शिकेल. मोलमजुरी करणाऱ्या घरातील मुलाला किंवा मुलीला मात्र पेढी आतून कशी चालते, हे पाहण्याची ही कदाचित एकमेव संधी असते. ओळख नसल्याने ती मुले दारोदार फिरतात आणि ‘आमच्याकडे जागा नाही’ हे उत्तर ऐकतात. ओळखीच्याला बसल्या जागी सही आणि अनोळखी मुलाला नकार, हा व्यवहार आपल्याला शोभणारा नाही.

चार आठवड्यांचा आराखडा

रोज सहा तास धरले, तर वीस दिवसांत एकशे वीस तास होतात. मध्यम आकाराच्या कोणत्याही पेढीला जमेल असा एक क्रम येथे सुचवतो.

पहिला आठवडा मालाचा. मागणी कशी नोंदवतात, आलेला माल चलनाशी कसा ताडून घेतात, साठ्याच्या नोंदवहीत तो कसा चढतो, हे विद्यार्थ्याला दाखवावे. शेवटी एका खणातील माल त्याच्याकडून मोजून घ्यावा आणि नोंदीशी फरक आला तर त्याचे कारण त्यालाच शोधायला लावावे.

दुसरा आठवडा बिलांचा आणि कराचा. दरमहा विवरण भरणाऱ्या पेढीत जीएसटीआर-१ची मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेची आणि ३बीची २० तारखेची. १४ तारखेला २बी तयार होते. पुरवठादाराने आपले बिल दाखवलेच नसेल, तर ते त्यात दिसत नाही आणि त्यावरील कराची वजावट अडकते. खरेदीची बिले २बीशी ताडण्याचे काम विद्यार्थी चार दिवसांत शिकू शकतो, आणि हे काम येणारा माणूस प्रत्येक पेढीला हवा असतो.

तिसरा आठवडा उधारीचा. येणे रकमांची तीस, साठ आणि नव्वद दिवस अशी वर्गवारी त्याच्याकडून करून घ्यावी. ग्राहक न दुखावता वसुलीचा फोन कसा करायचा, हे मुनीमजींच्या शेजारी बसून ऐकू द्यावे. हे कौशल्य पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

चौथा आठवडा बँकेचा. कॅश क्रेडिट खात्यातून किती रक्कम उचलता येईल, हे दरमहा द्यायच्या साठापत्रकावरून ठरते. समजा, माल ४० लाखांचा आहे आणि त्यापैकी १२ लाख पुरवठादारांचे देणे आहे. मग आपल्या पैशाचा माल २८ लाखांचा. त्यावर २५ टक्के मार्जिन धरले, तर मालावर २१ लाखच उचलता येतील. मंजूर मर्यादा ३० लाखांची असली, तरी मालाचा आधार एवढाच. हा हिशेब एकदा हाताने केलेला विद्यार्थी तो सहसा विसरत नाही. शेवटचे दोन दिवस अहवालासाठी राखावेत.

आपण काय करावे?

पूर्वी मुलगा जाणता झाला की त्याला काही काळ दुसऱ्याच्या पेढीवर ठेवण्याची रीत होती. घरच्या दुकानात मालकाचा मुलगा म्हणून त्याला कोणी झाडू मारायला किंवा चूक सुधारायला सांगत नसे. बाहेर ते सारे शिकायला मिळे. महाविद्यालयाची हरकत नसेल, तर ओजेटीसाठी हीच रीत पाळावी. तुमचा मुलगा त्यांच्याकडे, त्यांची मुलगी तुमच्याकडे.

प्रत्येक पेढीने गावातील महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एक पत्र द्यावे: वर्षाला दोन विद्यार्थी आम्ही घेऊ, त्यांपैकी एक तरी ज्याच्या घरी धंदा नाही असा पाठवा. कामावर देखरेख कोण करील, त्याचे नावही पत्रात लिहावे. रोजची हजेरी आपल्याच वहीत ठेवावी आणि सही त्या वहीवरूनच करावी. जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचे जेवण दिल्यास उत्तम. कामात मन घालणारा विद्यार्थी आढळला, तर पदवीनंतर त्याला बोलावून घ्यावे. विश्वासू माणूस मिळत नाही ही आपली नेहमीची तक्रार असते, आणि येथे तर वीस दिवस पारखलेला माणूस समोर असतो.

विद्यापीठ वेळ ठरवून देऊ शकते, श्रेयांक देऊ शकते. पेढीची शिस्त, शब्दाची किंमत आणि हिशेबातला सचोटीचा आग्रह शिकवायला त्याला आपलीच मदत हवी आहे. येत्या सत्रात पत्र घेऊन विद्यार्थी दारात आला, तर शिक्का काढण्यापूर्वी त्याला बसायला सांगावे आणि उद्या सकाळी किती वाजता येणार, हे विचारावे.