घरी कोण नव्हतं?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जालना जिल्ह्यातून अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. समजा, त्यानंतर वस्तीत तपासणी झाली. १०० महिलांपैकी ६० घरी होत्या. १५ जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. म्हणजे २५ टक्के? नाही. तोडीवरच्या ४० जणी मोजल्याच नाहीत. कष्ट जास्त, खाणं अपुरं, म्हणून त्यांच्यातल्या निम्म्या, म्हणजे २० जणी, आम्ही अंदाजानं धरतो. आकडा ३५ टक्क्यांवर जातो. भीमजयंतीला माणसं परतली की त्यांची तपासणी करून हा अंदाज सुधारायचा. या रीतीचं मूळ थॉमस बेझ यांच्या १७६३ साली छापलेल्या निबंधात आहे. आपल्या वस्तीत सर्वेक्षण झालं, तर पहिला प्रश्न हाच विचारू या: घरी कोण नव्हतं?